'ओम दर-ब-दर' परत बनवावा का? (भाच्याशी झालेल्या भांडणावरून)

गच्चीवरचा (धागालेखक)

रविवारी भाचा जेवायला आला होता. वय एकवीस, एडिटिंग शिकतोय. जेवण झाल्यावर दिवाणावर आडवा होऊन फोनवर काहीतरी बघत होता. एकदम कानावर 'मेरी जान' आलं, पण असं की कोणीतरी गायकाला हेलियम पाजलाय. म्हटलं, हे काय रे? तर म्हणे, "मामा, ओम दर-ब-दर. दीडपट स्पीडने बघतोय." आणि वर, "आयडिया कडक आहे, पण आता कोणीतरी परत बनवायला पाहिजे."

मी ताक पीत होतो. ठसका लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कमल स्वरूप यांचा १९८८ चा हिंदी सिनेमा. पैसे एनएफडीसीचे, म्हणजे सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचे. अजमेरातलं एक घर. बाबूजी सरकारी नोकरी सोडून ज्योतिषी झालेत. थोरली गायत्री, तिच्या मागे जगदीश. धाकटा ओम, त्याला श्वास रोखून धरायची अचाट ताकद. त्यात हिरे आहेत, बेडूक आहेत, पुष्करचा तलाव आहे, ब्रह्मदेव आहे, शाळेतलं विज्ञान आहे, जाहिराती आहेत. कथा सांगा म्हणाल तर मी एवढीच सांगू शकतो, आणि हीसुद्धा चौथ्यांदा बघितल्यावर.

बर्लिनला दाखवला गेला, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, आणि मग थेटरात लागलाच नाही. लागला तो थेट १७ जानेवारी २०१४ ला, एनएफडीसीने प्रत दुरुस्त केल्यावर. मधली पंचवीसेक वर्षं तो कॅसेटींवरून, कॉपीवरून कॉपी होत फिरला. मी पहिल्यांदा बघितला २००६ मध्ये, होस्टेलवर, मित्राने जाळून दिलेल्या सीडीवर. चित्र इतकं काळं की निम्मा सिनेमा मी आवाजावर बघितला. २०१४ ला मोठ्या हौसेने दोन मित्रांना घेऊन गेलो. एक झोपला. दुसरा अजून 'सिनेमाला येतोस का' म्हटलं की आधी नाव विचारतो.

तर माझं म्हणणं: अशा सिनेमाचा रिमेक होऊच शकत नाही. गोष्ट असती तर परत सांगता आली असती. इथे आहे तो एका माणसाच्या डोक्यातला पसारा, त्या वेळचं अजमेर, त्या वेळची फिल्म, त्या वेळचे पैसे (म्हणजे पैसे नसणं). यातलं काय परत आणणार?

भाचा म्हणतो मामा, तू म्हातारा झालास. तुम्ही सांगा.

---

स्पष्टवक्ती_डोंबिवली

मी पहिली काडी टाकते. मला तो सिनेमा कळला नाही आणि मला त्याची लाज वाटत नाही. अर्ध्या तासात झोप लागली, उठले तर कोणीतरी पाण्यात होतं. परत झोपले. रिमेक करा नाहीतर करू नका, पण आधी मूळ कोणाला आवडलाय ते खरं खरं सांगा. 'आवडला' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना आपण तो पूर्ण बघितला याचंच कौतुक असतं.

---

रीळवाला

ताई, प्रामाणिक प्रतिसाद, +१. पण झोप येणं हा दोष नव्हे. मी पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फार चांगल्या सिनेमांना फार चांगला झोपलोय.

गच्चीवरचा, मुद्द्यावर येतो. रिमेक नको हे ठीक, पण तुमचं कारण पटलं नाही. आपल्याकडचा पहिलाच सिनेमा त्याच्याच बापाने परत बनवला होता. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. १९१७ मध्ये त्यांनी तो पुन्हा केला. आज आपण जी रिळं 'भारताचा पहिला चित्रपट' म्हणून बघतो ती त्या दुसऱ्या खेपेची आहेत, असं जाणकार मानतात. म्हणजे आपण सगळे गेली कित्येक वर्षं एका रिमेकपुढे नारळ फोडतोय.

आणि गंमत बघा, कमल स्वरूप स्वतः 'ओम' नंतर वर्षानुवर्षं कोणाच्या मागे लागले? फाळक्यांच्याच. फाळके सिनेमा सोडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं मराठी नाटक लिहिलं, त्या दिवसांवर स्वरूप यांचा 'रंगभूमि' हा माहितीपट आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९७४ ला बाहेर पडलेला, अजमेरात वाढलेला माणूस, आणि पिच्छा नाशिकच्या फाळक्यांचा.

माझा आक्षेप वेगळा आहे. २००३ च्या जानेवारीत इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात नायट्रेटच्या रिळांना आग लागली. मूकपटांच्या आणि प्रभातच्या काळातलं जे गेलं ते गेलं. रिमेकला कोटी लागतात. त्यातला दहावा भाग जुन्या रिळांवर खर्च करा, मग काय बनवायचं ते बनवा.

---

खटला_चालू

कायद्याची बाजू, थोडक्यात, कारण उद्या तारीख आहे.

आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा 'लेखक' म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही. हक्क प्रदर्शनानंतरची साठ वर्षं. म्हणजे तुमच्या भाच्याला परवानगी मागायची तर ती एनएफडीसीकडे मागावी लागेल, कमल स्वरूप यांच्याकडे नुसता आशीर्वाद. पटकथा मात्र वेगळी कृती धरतात, आणि कलम ५७ नुसार लेखकाला आपल्या कृतीची मोडतोड थांबवायचा हक्क असतो, हक्क विकून टाकले असले तरी. मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरच्या सिनेमाविरुद्ध याच कलमावर दिल्ली हायकोर्टात दाद मागितली होती, १९८६ चा निकाल आहे.

अवांतर: 'ओम' ची मोडतोड झाली हे कोर्टात सिद्ध कसं करणार? "युवर ऑनर, मूळ कृतीत बेडूक आधी येतो." न्यायाधीशांसमोर सिनेमा चालवावा लागेल. मी ते वकीलपत्र घेणार नाही.

---

मास्तर_जीवशास्त्र

बेडूक म्हटल्यावर मला येणं भाग आहे.

तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवली. हा सिनेमा मी निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने बघितला. सगळे म्हणतात स्वप्नासारखा आहे, अतर्क्य आहे. मला निम्मा सिनेमा ओळखीचा वाटला, तो का ते सांगतो.

आमच्या वेळी प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी एक माणूस ओलं पोतं घेऊन यायचा. पोतं हलत असायचं. सकाळी मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणा, चारी पायांत टाचण्या, खोलीभर क्लोरोफॉर्म. पोट उघडलं तरी हृदय चालूच. दर बॅचला एक मुलगा खाली बसायचा, एक मुलगी मात्र शांतपणे आतडं सरळ करून मोजायची. आणि कोणीतरी हमखास विचारायचं, "सर, जठर कापून बघू? आत काय असेल?" एकदा खरोखर एक अख्खा काजवा निघाला होता.

आता दुसरं. त्या काळात बेडूक हा परकीय चलनाचा विषय होता. आपण बेडकाच्या तंगड्या अमेरिका-युरोपला हजारो टनांनी पाठवत होतो. बेडूक कमी झाले, शेतात किडे वाढले अशी ओरड झाली आणि १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. सिनेमा आला १९८८ ला. आता सांगा, सिनेमातली बेडकाच्या पोटात हिरे ही कल्पना कुठून आभाळातून पडली? त्या वेळचं वर्तमानपत्र उघडलं तर बेडकात डॉलरच होते! ज्याला तुम्ही आज अतिवास्तव म्हणता, त्यातलं बरंचसं तेव्हाचं वास्तव आहे, फक्त विचित्र कोनातून धरलेलं.

आणि आज? यूजीसीने २०११ पासून विच्छेदन कमी करत आणलं आणि २०१४ ला बंदच केलं. मुलं स्क्रीनवर बोट फिरवून बेडूक उघडतात. सिनेमातला बेडकाचा प्रसंग आज तसाच्या तसा घेतलात तर बघणाऱ्या मुलाला तो ऐतिहासिक वाटेल, रणजित देसाईंच्या कादंबरीतल्यासारखा.

---

पणजेकार

मास्तर, तंगड्यांवरून आठवलं. आमच्या गोव्यात याला 'जंपिंग चिकन' म्हणतात. पहिला पाऊस पडला की रात्री टॉर्च घेऊन माणसं शेतात उतरतात. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही, हाताने उचलायचा. वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पकडला तर दंड-तुरुंग, तरी चोरून चालतंच. माझ्या आजोबांनी खाल्लेले, मी नाही. (वकीलसाहेब, नोंद घ्या.)

तर बेडूक अजून ऐतिहासिक झालेला नाही. नुसता भूमिगत झालाय.

---

गच्चीवरचा

मास्तर, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. १९८७ ची बंदी मला अजिबात माहीत नव्हती. इतकी वर्षं मी तो प्रसंग 'व्वा, काय कल्पनाशक्ती' म्हणून बघत होतो.

पण याने माझाच मुद्दा पक्का होतो ना? त्या वर्षाशिवाय तो बेडूक नाही. मग २०२० च्या पुढे तो कसा आणणार?

---

तिसरी_घंटा

मला तुम्हा सिनेमावाल्यांची गंमत वाटते. नाटकात हा प्रश्नच येत नाही. सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' १९७९ चं. उदबत्त्या विकणारा बर्वे, त्याच्या डोक्यातली संगीत नाटकं, दोन कारकून, आणि कुठलं स्वप्न कोणाचं हे कळू नये असा सगळा मामला. अतिवास्तव म्हणाल तर मराठीत याच्या वर काही नाही. थिएटर अकॅडमीने केलं, मग इतरांनी केलं. अमाल अल्लाना यांनी हिंदीत केलं तेव्हा बर्वे झाले मनोहर सिंग. तो धिप्पाड माणूस, तो आवाज! आणि चाललं की. कोणी म्हणालं नाही की पहिले बर्वे झालेल्या चंद्रकांत काळ्यांनंतर नाटकाला कुलूप लावा.

तुम्हाला रिमेक म्हटलं की विटाळ होतो, आम्ही त्याला प्रयोग म्हणतो.

---

रीळवाला

घंटाताई, फरक आहे. नाटकाची संहिता मागे उरते, ती प्रयोग मागते. 'ओम' ची संहिता वाचायला बसलात तर काय हाती लागेल? तो कापताना, जोडताना झालाय. १९९८ मध्ये गस व्हॅन सँटने हिचकॉकचा 'सायको' जवळजवळ शॉटला शॉट लावून परत काढला. रंगीत. चौकट तीच, संवाद तेच, संगीत तेच. आणि त्यातून जीव गेलेला. फार महागडा प्रयोग होता, पण एक गोष्ट त्याने कायमची दाखवून दिली, की सिनेमा चौकटीत नसतो.

---

नणंद_न्यूजर्सी

रीळवाले, उलट उदाहरण देते. 'सुस्पिरिया'. अर्जेंटोचा १९७७ चा भयपट, लाल-निळा असा भडक की डोळे दुखतात. ग्वादान्यिनोने २०१८ ला केला तेव्हा पहिली गोष्ट काय केली, तर रंग काढून टाकले. राखाडी, पावसाळी बर्लिन, आणि साल धरलं १९७७, म्हणजे मूळ सिनेमा आला ते वर्ष. मला आवडला नाही, फार लांब आहे. पण ज्याच्यासाठी मूळ सिनेमा ओळखला जातो तीच गोष्ट टाकून द्यायची, याला छाती लागते. असा रिमेक असेल तर माझी हरकत नाही.

इथे रात्रीचे दोन वाजलेत. झोपते.

---

बांधणी

इतके प्रतिसाद झाले आणि कोणी 'दुविधा' चं नाव काढलं नाही? हे भांडण आपल्याकडे एकदा होऊन गेलंय हो. आणि त्यात एक बाजू आपल्या मराठी माणसाची आहे.

विजयदान देथा यांची राजस्थानी कथा. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न करून बायकोला घरी आणतो आणि लगेच पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. झाडावरचं भूत त्या मुलीवर भाळतं, नवऱ्याचं रूप घेऊन घरात येतं. मुख्य म्हणजे तिला खरं सांगून येतं. १९७३ मध्ये मणि कौल यांनी यावर 'दुविधा' केला. नवरी झालेली रईसा पदमसी, चित्रकार अकबर पदमसींची मुलगी. कॅमेरा नवरोज काँट्रॅक्टर यांचा, जे मुळात स्थिरचित्रं काढणारे. सिनेमा बघताना ते जाणवतं: मध्येच चित्र थांबतं. हात वर गेलेला तसाच राहतो, आवाज पुढे जातो. लाल ओढणी आणि पांढरी भिंत, बस्स. माणसं संवाद म्हणतात ते जिन्यावरून एकेक पायरी उतरल्यासारखे.

२००५ मध्ये तीच कथा अमोल पालेकरांनी घेतली. 'पहेली'. शाहरुख, राणी, उंट, गाणी, बोलक्या बाहुल्या, धनगराच्या वेशात अमिताभ. भारताची ऑस्करसाठीची अधिकृत प्रवेशिकासुद्धा झाला. आता पालेकर म्हणजे काही बाजारू माणूस नव्हे. जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेला, 'आक्रीत' सारखा सिनेमा करणारा. त्यांना 'दुविधा' ठाऊक नसेल असं मानणं म्हणजे वेडेपणा. तरी त्यांनी तिकडे पाठ केली आणि थेट कथेकडे गेले.

आणि शेवट बदलला. 'दुविधा' त धनगर भुताला पखालीत बंद करतो, प्रकरण मिटतं, आणि ती मुलगी त्या नवऱ्याबरोबर उरते ज्याला तिने निवडलं नव्हतं. कोणी तिला विचारत नाही, ती काही म्हणत नाही. ती शेवटची गप्प नजर माझ्या डोक्यातून वीस वर्षं गेलेली नाही. 'पहेली' त भूत नवऱ्याच्या शरीरात शिरून परत येतं. सगळे खूश.

मी तेव्हा फिल्म सोसायटीत खुर्च्या मांडणारी होते, 'पहेली' ला शिव्या घालत बाहेर पडले. घरी आले तर सासूबाई, ज्यांनी तो माझ्या आधी बघितला होता, म्हणाल्या, "बरं झालं बाई, तिला हवा तो मिळाला." त्यांचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं. मी गप्प बसले. 'दुविधा' मला अजूनही कितीतरी मोठा वाटतो. पण त्या दिवसापासून 'पहेली' ला शिव्या देताना आवाज थोडा खाली येतो.

तर गच्चीवरचा, माझं मत: कथेचा रिमेक होतो. 'ओम' ला कथा नाही, म्हणून तुमचं बरोबर. पण 'होऊ नये' आणि 'होऊ शकत नाही' यात तुम्ही घोळ घालताय.

---

स्पष्टवक्ती_डोंबिवली

बांधणी, सासूबाईंना माझा नमस्कार. या धाग्यावर सिनेमाबद्दल सगळ्यात चांगलं वाक्य त्यांचंच आहे.

---

तळ्याकाठी

नेहमी नुसती वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी अजमेरची. म्हणजे आम्ही मूळचे सांगलीकडचे, पण वडील अजमेरच्या रेल्वे कारखान्यात होते. माझा जन्म, शाळा, सगळं तिकडे. पुष्कर म्हणजे आमची रविवारची सहल. नाग पहाडाचा घाट ओलांडला की अर्ध्या तासात तलाव.

तुम्ही सगळे 'ओम' ला स्वप्न म्हणता तेव्हा मला हसू येतं. आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, सकाळी पोस्टात आणि संध्याकाळी हात बघायचे. विज्ञानाचे सर परीक्षेआधी पोरांना ब्रह्माजींच्या देवळात न्यायचे. कार्तिकी पौर्णिमेला एका बाजूला उंटांचा बाजार, दुसऱ्या बाजूला बावन्न घाटांवर आंघोळी, आणि मधून हिप्पी. यात दिग्दर्शकाने वेगळं काय घातलं? त्याने फक्त चाळणी लावली नाही.

आता रिमेकचं. कुठे करणार? पुष्करला? तिथे आता घाटावर पाय ठेवला की कोणीतरी तुमच्या हातात फूल देतो, पूजा सांगतो, मनगटाला लाल धागा बांधतो. परदेशी लोक त्या धाग्याला 'पुष्कर पासपोर्ट' म्हणतात, एकदा बांधला की दुसरा पंडा अडवत नाही. २००९ ला गाळ काढायचं काम निघालं आणि त्यात पाऊसही दगा देऊन गेला, तेव्हा तलाव पार कोरडा पडला होता. जत्रेला लोक आले आणि बाजूला बांधलेल्या छोट्या हौदांत बोअरचं पाणी भरून त्यात डुबकी मारली. मी त्या वर्षी गेले होते. मागे भेगा पडलेला तलाव आणि पुढे हौदात रांगेने 'हर हर' म्हणणारी माणसं. कॅमेरा नुसता उभा केला असता तरी सिनेमा झाला असता. तो कोणी केला नाही, आणि आपण भांडतोय १९८८ वर.

---

मामाचा_भाचा (नवीन सदस्य)

नमस्कार. मीच तो. मामाने लिंक पाठवली नाही, आजीने पाठवली.

पहिली गोष्ट, दीडपट स्पीडने मी तो तिसऱ्यांदा बघत होतो. पहिल्या दोन वेळा नीट बघितला, अंधार करून, हेडफोन लावून. तिसऱ्यांदा कट मोजत होतो. मामाने हे विचारलंच नाही, ताक सांडलं आणि भांडायला लागला.

दुसरी गोष्ट, मला तेच बेडूक परत दाखवायचे नाहीत. तळ्याकाठी काकूंनी जे लिहिलं ते मला करायचंय. त्या माणसाने आजूबाजूला जे होतं ते उचललं: जाहिरात, पुराण, शाळेचं पुस्तक, गाणं, आणि एकाच ताटात वाढलं. माझ्या आजूबाजूला काय आहे? आमच्या चौकात कोचिंग क्लासचा फलक आहे. त्यावर ज्या मुलाचा फोटो आहे, तोच दुसऱ्या क्लासच्या फलकावर पण आहे, वेगळ्या शर्टात. माझा मित्र रात्री पार्सलं पोचवतो आणि दिवसा एक्झाम देतो. एकदा त्याला स्वतःच्याच कॉलेजच्या प्राचार्यांनी बिर्याणी मागवली. बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज सकाळी एक काका ग्रहमान टाकतात आणि त्याखाली एक काकू टाकीतल्या पाण्याची पातळी. कोणी कोणाला उत्तर देत नाही. हे दर-ब-दर नाही तर काय आहे?

---

गच्चीवरचा

आजीने पाठवली!! ठीक आहे.

आधी कबुली: तीनदा बघितलास हे मला माहीत नव्हतं. आणि ग्रहमान टाकणारे काका म्हणजे मी नव्हे, इथे गैरसमज नको.

पण मग बाळा, तू म्हणतोयस तो रिमेक नाही. तो तुझा सिनेमा आहे. 'ओम' चं नाव कशाला ओढतोस? स्वतःच्या नावावर कर.

---

मामाचा_भाचा

कारण स्वतःच्या नावावर केला तर कोणी विचारत नाही, मामा. 'कोचिंग क्लासच्या फलकावर एक विचित्र फिल्म बनवतोय' म्हटलं की सर म्हणतात आधी स्ट्रक्चर शिक. 'ओम दर-ब-दर' चा रिमेक म्हटलं की तेच सर खुर्ची पुढे ओढतात. अनुराग कश्यप उघड सांगतो की 'देव डी' मधल्या 'इमोशनल अत्याचार' गाण्याचं मूळ 'मेरी जान' मध्ये आहे. त्याला चालतं. आणि 'देव डी' स्वतः काय होता? शरदबाबूंचाच देवदास ना, कितव्यांदा तरी.

---

खटला_चालू

तारीख पडली, परत आलो. भाचेबुवा, नुसती शैली किंवा कल्पना यावर कोणाचा कॉपीराइट नसतो. बिनधास्त करा. रिमेक असं लिहिलंत तर मात्र एनएफडीसीला पत्र पाठवा. म्हणजे कायद्याने तुमचं हित 'रिमेक' न म्हणण्यात आहे आणि धंद्याने म्हणण्यात. फी नको, प्रीमियरचा पास द्या.

---

तिसरी_घंटा

मी अजून प्रयोग या शब्दावर ठाम आहे. 'ओम दर-ब-दर, प्रयोग दुसरा'. पोस्टरवर छान दिसेल.

---

रीळवाला

भाच्या, एकच विनंती. करशील तो एका ड्राइव्हवर ठेवू नकोस. तीन प्रती, तीन गावांत. 'घाशीराम कोतवाल' वर १९७६ ला सिनेमा झाला होता, युक्त फिल्म सहकारी संस्थेचा, मोहन आगाशे नाना, ओम पुरी घाशीराम. मणि कौल आणि आपले हेच कमल स्वरूप त्या मंडळींत होते. पुण्याच्या नाटकावरचा मराठी सिनेमा, आणि त्याची प्रत नीट करायचं काम झालं ते बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट संस्थेत. शनिवारवाड्यापासून चालत पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या माणसाने नाना फडणवीस बर्लिनहून मागवायचा.

---

मास्तर_जीवशास्त्र

बेडूक लागला तर कळवा. प्लास्टिकचा एक मॉडेल माझ्या माळ्यावर आहे, पोट उघडतं, यकृत हरवलंय.

---

मामाचा_भाचा

मास्तर, हवाच आहे! यकृताच्या जागी काय ठेवायचं ते मी बघतो.

तळ्याकाठी काकू, एक विचारायचं होतं. सिनेमात ओम पाण्याखाली श्वास धरतो. तिथली मुलं खरंच असं करायची का? की हे बनवलेलं आहे?

---

तळ्याकाठी

करायची ना. तलावात नाही रे, घाटावर पंडे ओरडायचे. इकडे अजमेरात, आना सागरला. रेल्वे कॉलनीतली सगळी पोरं. माझा धाकटा भाऊ त्यात पहिला. आम्ही काठावर बसून मोजायचो, मी मराठीत आणि बाकीच्या हिंदीत, त्यामुळे आकडा कधीच जुळायचा नाही. पंचाहत्तर म्हणे मी, तोवर त्यांचे नव्वद झालेले.

एकदा पुष्करला आईचा डोळा चुकवून तो घाटावरच खाली गेला. वर येईना. आई पायरीवर उभी राहून ओरडायला लागली, "अरे मेल्या, वर ये! वर ये म्हणते ना! बापाला काय सांगू मी!" एका सुरात, पदर कमरेला खोचून, हात पाण्याकडे केलेले. शेजारी गुजरातचं एक कुटुंब पूजा करत होतं. त्यांना वाटलं दक्षिणेकडचा काहीतरी मंत्र आहे. त्यांनी हात जोडले.

भाऊ वर आला तेव्हा त्यांनी त्याच्या पायाला हात लावला आणि पाच रुपये दिले. आईने ते घेतले.